गाळ्यामागचा माणूस

पावसाळा सरून दसरा-दिवाळीची चाहूल लागली की देशभर हस्तकलेच्या मेळ्यांचा हंगाम सुरू होतो आणि तो थेट फाल्गुनापर्यंत चालतो. कुठे मोठ्या मैदानावर मांडव पडतात, कुठे एखाद्या शाळेच्या प्रांगणात दोन दिवसांचे प्रदर्शन भरते, तर कुठे झाडाखाली चादर अंथरूनच बाजार मांडला जातो. या गर्दीत एक संवाद इतक्या वेळा घडतो की तो आता कुणाच्या कानाला खटकतही नाही. ग्राहक वस्तू उचलतो, उलटसुलट करून पाहतो, किंमत विचारतो आणि ती ऐकून म्हणतो, "हेच बाहेर निम्म्या किमतीत मिळते." गाळ्यामागचा माणूस क्वचितच उत्तर देतो. बहुधा तो ती वस्तू मुकाट्याने जागेवर ठेवतो. आणि मेळ्याच्या शेवटच्या संध्याकाळी, परतीच्या प्रवासाची चिंता वाढू लागली की, तिची किंमत स्वतःहून खाली आणतो.

या वाक्यातील 'हेच' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. हाताने केलेली वस्तू आणि यंत्रातून निघालेली तिची नक्कल या खरोखर एकच असतील, तर हस्तकलेच्या मेळ्यांचे प्रयोजनच उरत नाही. त्या एक नसतील, तर त्यांतील अंतर कुणीतरी दाखवून दिले पाहिजे. आज ही जबाबदारी एकट्या कारागिरावर येऊन पडली आहे. बोलण्यापेक्षा करण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने आपल्या कामाची वकिलीही करावी, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. मेळा भरविणारी संस्था आणि मेळ्याला येणारा ग्राहक या दोघांनीही त्या जबाबदारीचा वाटा उचलावयास हवा.

ओळखीचा ग्राहक

जुन्या गावगाड्यात कुंभार, सुतार, चांभार यांना आपण कुणासाठी वस्तू घडवीत आहोत हे ठाऊक असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती जातीने जखडलेली होती आणि बलुत्याचा वाटा कष्टांच्या मानाने पुष्कळदा तुटपुंजाच असे. तरीही वस्तू करणारा आणि वापरणारा यांची एकमेकांशी ओळख होती, ही गोष्ट खरी. गिरणीचा आणि कारखान्याचा माल गावोगावी पोहोचला तेव्हा ती ओळख तुटली. कारागिराचा ग्राहक दूर शहरात गेला आणि दोघांच्या मध्ये व्यापारी उभा राहिला.

स्वातंत्र्यानंतर हे अंतर कमी करण्याचे मोठे प्रयत्न झाले. 1952 मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याचे नेतृत्व केले. हे मंडळ 2020 मध्ये विसर्जित करण्यात आले. परंतु देशातील हस्तकलांना शहरी ग्राहक मिळवून देण्यात त्याचा वाटा मोठा होता. राज्याराज्यांची एम्पोरियम उभी राहिली, तेथील काचेच्या कपाटांत गावातील वस्तू विराजमान झाल्या. मात्र त्या वस्तूंवरील चिठ्ठीवर राज्याचे नाव असे, कलाप्रकाराचे नाव असे. करणाऱ्याचे नाव बहुधा नसे.

करणाऱ्याचे नाव पुढे आले की काय घडू शकते, याचे एक उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. 1966-67 मध्ये बिहारमध्ये तीव्र दुष्काळ पडला. मिथिलेतील स्त्रिया लग्नकार्यात घराच्या भिंतींवर जी चित्रे काढीत, ती त्यांनी कागदावर काढून विकावीत, या हेतूने हस्तकला मंडळाने भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या चित्रकाराला तिकडे पाठविले. कुलकर्णी गावोगाव हिंडले, कागद वाटले, स्त्रियांना चित्रे काढण्यास प्रवृत्त केले. पुढे डहाणूकडच्या वारली चित्रांकडे शहराचे लक्ष वेधण्यातही त्यांचा सहभाग होता. भिंतीवर काढलेले चित्र घराचे असते. कागदावरच्या चित्राखाली मात्र सही करता येते. जगदंबा देवींना 1975 मध्ये, सीता देवींना 1981 मध्ये आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. तोवर 'मधुबनी' आणि 'वारली' एवढ्याच नावांनी ओळखल्या जाणाऱ्या कलांमागची माणसे देशाला नावानिशी कळू लागली होती.

पंधरा दिवसांचा गाळा

मेळा हा या वाटेवरचा पुढचा टप्पा होय. हरियाणातील सूरजकुंडचा मेळा 1987 मध्ये सुरू झाला आणि दर फेब्रुवारीत भरू लागला. 1994 मध्ये दिल्लीच्या आयएनए भागात, झाकलेल्या एका नाल्यावरील जागेत, 'दिल्ली हाट' उभा राहिला. जया जेटली यांच्या कल्पनेतून आकारास आलेल्या या बाजाराची खरी नवलाई त्याच्या विटांच्या बांधकामात नव्हती. ती एका साध्या नियमात होती. बहुसंख्य गाळे कुणालाही कायमचे द्यावयाचे नाहीत. कारागिराने यावे, पंधरा दिवस आपला माल विकावा आणि पुढच्यासाठी गाळा रिकामा करावा.

या नियमामागील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. कायमचे दुकान घेण्याची ऐपत व्यापाऱ्याची असते, विणकराची नसते. शिवाय जो बारा महिने दुकानात बसेल, तो माग कधी चालविणार? पंधरा दिवस विकावे आणि उरलेले दिवस घरी हात चालवावा, हे कारागिराच्या जीवनक्रमाशी जुळणारे गणित होते. राजधानीच्या मध्यवस्तीत कच्छचा ठसेकाम करणारा आणि ईशान्येची विणकर स्त्री शेजारी-शेजारी बसू शकले ते या नियमामुळे.

असाच विचार लहान प्रमाणावरही रुजला. शांतिनिकेतनजवळ सोनाझुरीच्या झाडांखाली, खोआईच्या लाल मातीवर शनिवारचा हाट भरू लागला. तेथे ना मांडव, ना पक्का गाळा. आसपासच्या गावांतील स्त्री-पुरुष कांथाची भरतकामे, डोक्राचे दागिने, मातीच्या वस्तू घेऊन येत, जमिनीवर मांडत आणि सूर्यास्तापूर्वी घरी परतत. मुंबईत 1999 पासून भरू लागलेल्या काळा घोडा कला महोत्सवातही रस्त्याकडेला हस्तकलेचे गाळे लागत आले आहेत.

या शहरी प्रदर्शनांनी एक निराळा वर्ग पुढे आणला. घरातल्या लहानशा भट्टीत मातीची भांडी भाजणारी तरुणी, हाताने वह्या बांधणारा निवृत्त मुद्रक, नोकरी सोडून कापडावर चित्रे काढणारा कलावंत अशी ही मंडळी असतात. त्यांच्यामागे घराण्याची परंपरा नसते. त्यांनी आपले कौशल्य आवडीने आणि स्वकष्टाने मिळविलेले असते. परंपरागत कारागीर आणि हे स्वतंत्र कलावंत यांच्यात शिक्षणाचे, भाषेचे, सुबत्तेचे अंतर आहे हे नाकारता येणार नाही. परंतु दोघांची अडचण एकच आहे. दोघांच्याही मागे ना जाहिरात, ना वितरक. दोघांनाही आपला ग्राहक समोरासमोर भेटावा लागतो.

माल विकण्यापलीकडे

मेळ्याचा हिशेब केवळ गल्ल्यावरून करणे म्हणूनच अपुरे ठरते. तेथे कारागिराला मिळणारी पहिली गोष्ट म्हणजे माहिती. कोणता रंग हातात घेऊन परत ठेवला जातो, पिशवीला आतून खिसा हवा असे किती जणींनी सुचविले, लहान आकाराची सुरई अधिक का खपते, हे व्यापारी त्याला कधीच सांगत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सोबत. शेजारच्या गाळ्यावरील माणूस जेवावयास गेला की त्याचा माल हा सांभाळतो. एकाकडे सुटे पैसे नसतील तर दुसरा देतो. चांगले सूत कुठे मिळते, कोणता व्यापारी पैसे बुडवितो, पुढचा मेळा कुठे भरणार आहे, या बातम्या तेथेच कळतात. एरवी एकट्याने काम करणाऱ्या माणसाला आपल्यासारखे आणखी शंभर जण आहेत ही जाणीव मेळ्यात होते. अनेक स्त्रियांच्या बाबतीत तर मेळा हा घराबाहेरचा पहिला स्वतंत्र प्रवास असतो आणि स्वतःच्या कामाचे पैसे स्वतःच्या हाती पडण्याचा पहिला प्रसंगही.

नकलेचे आक्रमण

हे सारे ज्या पायावर उभे आहे तो पाया मात्र डळमळू लागला आहे. गाळा कारागिराच्या नावे आणि माल घाऊक बाजारातला, अशी तक्रार दिल्ली हाटपासून गावोगावच्या प्रदर्शनांपर्यंत वारंवार ऐकू येते. ठशांच्या छपाईसारखी दिसणारी गिरणीची छपाई, हातमागाच्या नावाखाली यंत्रमागाचे कापड आणि साच्यातून शेकड्याने काढलेल्या 'आदिवासी' मूर्ती एकाच रांगेत मांडलेल्या दिसतात. अशा वेळी "हेच बाहेर निम्म्या किमतीत मिळते" असे ग्राहक म्हणाला, तर त्याची सर्वस्वी चूक आहे असेही म्हणता येत नाही. कारण शेजारच्या गाळ्यावर तो खरोखर तेच पाहून आलेला असतो.

नकली मालाने ग्राहकाची फसवणूक होते, हे उघड आहे. परंतु त्याहून मोठी हानी प्रामाणिक कारागिराची होते. नकलेची किंमत ही मेळ्याची किंमत ठरते आणि अस्सल वस्तू महाग, म्हणून संशयास्पद ठरते.

वास्तविक अस्सल काम ओळखणे फारसे अवघड नाही. हाताच्या ठशांनी छापलेल्या कापडावर एक ठसा संपून दुसरा सुरू होतो ती जागा बारकाईने पाहिल्यास सापडते. रेषा कुठे केसभर सरकलेली असते, रंग कुठे किंचित गडद उतरलेला असतो. अस्सल पैठणीच्या पदरावरील नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. डोक्राच्या ओतकामात मातीच्या गाभ्यावर मेणाच्या दोऱ्यांनी नक्षी रचतात, त्यावर पुन्हा माती लिंपून भट्टीत तापवितात आणि वितळून गेलेल्या मेणाच्या जागी पितळेचा रस ओततात. वस्तू बाहेर काढण्यासाठी तो साचा फोडावाच लागतो. म्हणून डोक्राच्या दोन वस्तू हुबेहूब सारख्या असणे शक्य नाही. एकाच मापाच्या, एकाच घडणीच्या वीस मूर्ती ओळीने मांडलेल्या असतील, तर त्या या पद्धतीने घडलेल्या नाहीत असे खुशाल समजावे.

किमतीमागेही अशाच न दिसणाऱ्या गोष्टी असतात. कच्छमधील अजरखाचे कापड धुणे, हिरड्यात बुडविणे, ठसे उमटविणे, निळीत आणि मंजिष्ठेत रंगविणे, वाळविणे अशा चौदा-पंधरा टप्प्यांतून जाते. 2001 च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यातील लोहाचे प्रमाण वाढले आणि रंग बिघडू लागले. तेव्हा तेथील अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसविले. रंग खरा उतरावा म्हणून गाव बदलणाऱ्या माणसांच्या कापडाची तुलना छपाईयंत्रातून मिनिटाला कित्येक मीटर बाहेर पडणाऱ्या कापडाशी होते, तेव्हा ती दोन्ही कापडे 'हेच' कशी ठरतील?

कायद्याची मर्यादा

या ठिकाणी कायदा आहे, त्याकडे बोट दाखविले जाईल. भौगोलिक निर्देशनाचा कायदा 1999 मध्ये संमत झाला आणि 2003 मध्ये अमलात आला. त्याअन्वये पैठणीपासून वारली चित्रकलेपर्यंत अनेक कलांना नोंदणी मिळाली. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी ही नोंदणी लाभली. तरीही जून 2025 मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीशी विलक्षण साम्य असलेल्या चपला मांडल्या, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेख प्रथम कुठेच नव्हता. भारतातून आक्षेप घेतले गेल्यावरच कंपनीने या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले.

देशभर जो संताप व्यक्त झाला तो रास्तच होता. परंतु ज्या चर्मकारांच्या वतीने तो व्यक्त झाला, त्यांच्याच हातची चपल विकत घेताना किती जणांनी घासाघीस केली नसेल? कायदा प्रदेशाच्या नावाचे रक्षण करतो. चामडे कमावणारा, वाद्या विणणारा, टाके घालणारा माणूस त्या नावाआड अनामच राहतो. त्याला नाव मिळण्याची जागा म्हणजे त्याच्या आणि ग्राहकाच्या मधली ती अडीच हात रुंदीची फळी. म्हणूनच गाळा कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

घासाघिशीचे गणित

घासाघीस ही हाटाची जुनी रीत आहे आणि तिच्यात गंमतही आहे, असा युक्तिवाद केला जातो. भाजीबाजारात तो खपून जाईल. हस्तकलेच्या बाबतीत गणित थोडे निराळे आहे. समजा, एका ओढणीची किंमत 800 रुपये आहे. त्यांपैकी कापड, रंग, प्रवास, मुक्काम आणि गाळ्याचे भाडे यांचा वाटा 600 रुपये धरला, तर हाताच्या कामाचे 200 रुपये उरतात. ग्राहकाने 100 रुपये कमी करून घेतले, तर त्याच्या दृष्टीने ती साडेबारा टक्क्यांची सवलत असते. कापडवाला, रेल्वे किंवा गाळ्याचा मालक यांपैकी कुणीही त्या सवलतीचा भार उचलत नाही. कारागिराची निम्मी मजुरी गेलेली असते.

ज्याला मोठी वस्तू परवडत नाही त्याने लहान घ्यावी, किंवा नुसती पाहून कौतुक करून पुढे जावे. त्यात कमीपणा मुळीच नाही. खरेदी न करणाऱ्या ग्राहकाने कारागिराचे नुकसान होत नाही. भाव पाडून खरेदी करणाऱ्याने होते.

संगणकावर आणि मोबाइलवर सारे काही विकता येत असताना मेळ्यांची गरजच काय, असाही एक प्रश्न आहे. या नव्या साधनांनी अनेकांना हात दिला, हे मान्य केलेच पाहिजे. एकदा मेळ्यात भेटलेला ग्राहक पुढे वर्षभर मोबाइलवरून मागणी नोंदवू शकतो. पण पहिल्या भेटीचे काम छायाचित्र करू शकत नाही. हाताच्या दोन वस्तूंत फरक असणारच. दूरवरून मागविणाऱ्याला तोच फरक दोष वाटतो आणि वस्तू परत येते. गाळ्यासमोर उभ्या असलेल्या ग्राहकाला मात्र तोच फरक निवडीचा आनंद देतो.

हंगाम आणि हप्ता

मेळ्यावर जगणाऱ्याचे उत्पन्न पिकासारखे हंगामी असते. सूत, माती, धातू, रंग यांची खरेदी उन्हाळ्यात-पावसाळ्यात होते, हात महिनोन्महिने चालतो आणि पैसा येतो तो चार-पाच मेळ्यांत. मधल्या काळात पैसा पुरविणारा सावकार किंवा व्यापारी असतो आणि तो वसुली करतो ती मालाच्या रूपात, स्वतःच्या भावाने. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांसाठी तारणाशिवाय प्रथम 1 लाख आणि नंतर 2 लाख रुपयांपर्यंतचे कर्ज 5 टक्के व्याजाने ठेवले गेले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. आता प्रश्न आहे तो परतफेडीचा. शेतकऱ्याला पीककर्ज देताना सुगीचा विचार होतो. त्याच न्यायाने मेळ्यांवर जगणाऱ्यांच्या हप्त्यांत हंगामाचा विचार व्हावयास हवा. गाळ्यावर टांगलेल्या क्यूआर कोडमुळे हे सोपे झाले आहे. एरवी रोखीत होऊन विसरली जाणारी विक्री आता खात्यात नोंदली जाते आणि तारण देण्याजोगे काही नसलेल्या माणसाजवळही आपल्या कष्टांचा लेखी पुरावा असतो.

दुसरी निकड विम्याची. 30 एप्रिल 2025 रोजी दिल्ली हाटात आग लागली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. पण वीसहून अधिक गाळे जळाले. मेळ्याला येताना कारागीर आपल्या कित्येक महिन्यांचे श्रम एका गाळ्यात आणून ठेवतो, हे त्या रात्री ठळकपणे दिसले. मालाचा अल्प मुदतीचा विमा गाळ्याच्या भाड्यातच अंतर्भूत करणे आयोजकांना अवघड नाही.

आयोजकांकडून आणखी दोन अपेक्षा रास्त ठरतील. प्रत्येक गाळ्यावर करणाऱ्याचे नाव, गाव आणि काम यांची पाटी असावी. तसेच दिवसातून काही वेळ त्याने गाळ्यावरच काम करून दाखवावे, अशी सोय असावी. ज्याला ठसा धरता येत नाही तो ठसेकामाच्या गाळ्यावर फार दिवस टिकणार नाही. त्यासाठी निराळ्या तपासनिसाची गरज भासणार नाही.

ग्राहकाकडून अपेक्षा त्याहूनही साधी आहे. किंमत विचारण्यापूर्वी "हे कुणी केले?" असे त्याने विचारावे. समोरचा माणूस व्यापारी असेल, तर त्याला या प्रश्नाचे नीट उत्तर देता येणार नाही. तो कारागीर असेल, तर तो कदाचित थोडा संकोचेल आणि मग वस्तू हातात घेऊन सांगू लागेल: हा ठसा कुणी कोरला, हा रंग कशापासून निघतो, या कामाला किती दिवस लागले. ते ऐकून झाल्यावरही किंमत जास्त वाटली तर ग्राहकाने वस्तू घेऊ नये. पण 'हेच बाहेर मिळते' असे म्हणणे मग त्याला जड जाईल.